नारिंगांच्या सावलीत सेव्हिल

दक्षिण स्पेनमधील सेव्हिल नगरीची ख्याती फ्लामेंको नृत्य, ईस्टरपूर्व सप्ताहातील मिरवणुका आणि कोलंबसाचे थडगे यांमुळे जगभर पसरली आहे. ज्येष्ठ प्रवाशाला मात्र तिचा जो गुण सर्वप्रथम जाणवतो, तो भूगोलाच्या पुस्तकातला आहे. ही नगरी सपाट आहे. ग्वादलक्विवीर नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा-बारा मीटर उंचीवर वसलेल्या या शहराच्या जुन्या भागात चढ जवळजवळ नाहीतच. लिस्बनच्या टेकड्या किंवा ग्रानादातील अल्हाम्ब्राची चढण ज्यांच्या गुडघ्यांनी एकदा सोसली आहे, त्यांना या सपाटीचे मोल वेगळे सांगायला नको. स्पॅनिश लोक या नावाचा उच्चार ‘सेविया’ असा करतात. नदीच्या नावात मात्र अजूनही अरबी भाषा वाहते. ‘अल्-वादी अल्-कबीर’ म्हणजे मोठी नदी. सुमारे पाचशे वर्षे या शहरावर मुस्लिम सत्ता होती आणि १२४८ मध्ये ते कास्तीलच्या ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेले. या दोन्ही कालखंडांचे थर इथे एकमेकांवर चढलेले दिसतात, बहुतेक ठिकाणी एकाच भिंतीत.

हे सारे पाहायला कधी जावे, हा प्रश्न मात्र काय पाहावे यापेक्षा महत्त्वाचा आहे. सेव्हिल हे युरोपातील सर्वाधिक उष्ण शहरांपैकी एक. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे जाणे इथे नवलाचे नाही. २०२२ साली या शहराने उष्णतेच्या लाटांना, चक्रीवादळांना देतात तशी, नावे द्यायला सुरुवात केली आणि त्या जुलैतील लाटेचे नाव ‘झोई’ असे ठेवले. नावामागचा हेतू सरळ होता: वादळ डोळ्यांना दिसते, उष्मा दिसत नाही, त्याला नाव दिले की लोक तो गांभीर्याने घेतात. आपल्याकडच्या वाचकाला वाटेल, विदर्भाचा किंवा मराठवाड्याचा उन्हाळा पाहिलेल्यांना याचे काय? परंतु वय वाढते तसतशी तहानेची जाणीव मंदावते, घाम येण्याची क्षमता घटते आणि रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातील पाणी व क्षार आणखी कमी करतात. घरी आपण दुपारी आडवे होतो. प्रवासात तिकिटाचे पैसे भरलेले असतात म्हणून त्याच दुपारी रांगेत उभे राहतो. धोका तिथे असतो. म्हणून मार्च, एप्रिलचा आरंभ, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर हे महिने निवडावेत. ईस्टरच्या आधीचा सप्ताह मात्र टाळावा. मिरवणुकींचा थाट अद्वितीय असतो यात शंका नाही, पण त्या दिवसांत अरुंद गल्ल्या माणसांनी भरून जातात आणि काठी टेकत चालणाऱ्याला ना पुढे जाता येत, ना मागे फिरता येत.

उष्म्याशी जुळवून घेण्याची रीत सेव्हिलकरांनी शतकानुशतके घडवली आहे आणि ती पाहणे हेही एक पर्यटनच आहे. जुन्या मोठ्या घरांत उन्हाळ्यात तळमजल्यावर आणि हिवाळ्यात वरच्या मजल्यावर राहण्याची पद्धत होती. घराच्या मध्यभागी चौक, चौकात कारंजे, भिंतींना कमरेपर्यंत थंडगार चिनी मातीच्या रंगीत फरशा. आपल्या वाड्यांची आठवण व्हावी अशीच ही रचना. सिएर्पेस या बाजाराच्या रस्त्यावर उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या घरांच्या मधोमध कापडी छत ताणतात. दुपारी दोन ते पाच या वेळात अनेक दुकाने बंद असतात. पर्यटकांना याचा राग येतो. माझ्या मते मात्र ज्येष्ठांनी या वामकुक्षीचे मनापासून स्वागत करावे, कारण संपूर्ण शहरच आपल्या दिनक्रमावर चालू लागते.

शहराचे हृदय म्हणजे महामंदिर, अर्थात कॅथेड्रल. पूर्वी येथे मोठी मशीद होती. ती पाडून त्याजागी भव्य चर्च बांधायचा निर्णय १४०१ मध्ये झाला आणि मुख्य काम पूर्ण व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली. गॉथिक शैलीतील चर्चांमध्ये हे जगातील सर्वांत मोठे मानले जाते. मशिदीचे दोन अवशेष त्यांनी राखले: नारिंगांच्या झाडांचा चौक आणि मिनार. बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या या मिनारावर सोळाव्या शतकात घंटांचा मनोरा चढवला गेला आणि त्याच्या शिखरावर वाऱ्याबरोबर फिरणारी कांस्याची स्त्रीमूर्ती बसवण्यात आली. फिरणारी म्हणून ती ‘हिराल्दा’. तेच नाव पुढे साऱ्या मनोऱ्याला मिळाले.

या मनोऱ्याचे वैशिष्ट्य असे की, वर जायला जिना नाही. आतून चौकोनी वळणे घेत ३५ उतरण्या वर जातात, आणि शेवटी तेवढ्या काही पायऱ्या. अजान देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावे म्हणून अशी रचना केली, असे परंपरा सांगते. प्रत्येक वळणावर भिंतीवर क्रमांक आहे आणि जागोजाग खिडक्याही आहेत. सोबत आलेल्या माझ्या ७८ वर्षांच्या आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झालेले आहे. ती बाराव्या क्रमांकापर्यंत आली, खिडकीतून खाली चौकातली झाडे पाहिली आणि म्हणाली, “एवढे पुरे. उतरताना गुडघा जास्त बोलतो, हे मला ठाऊक आहे.” तिचा हिशेब अचूक होता. चढताना छातीवर ताण येतो, उतरताना गुडघ्यावर. ज्यांना हृदयविकार आहे आणि ज्यांना संधिवात आहे त्यांनी हा फरक ध्यानात घेऊनच कुठवर जायचे ते ठरवावे. येथे लिफ्ट नाही आणि उतरण्यांचा चढ चाकाच्या खुर्चीला झेपणारा नाही. वर न जाणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. खाली, चर्चच्या प्रशस्त, सपाट फरशीवर पाहण्यासारखे इतके आहे की दीड-दोन तास सहज जातात: सोन्याच्या मुलाम्याचे प्रचंड कोरीव वेदीपट आणि कास्तील, लिओन, आरागोन व नावार या चार राज्यांचे प्रतीक असलेल्या चार पुतळ्यांनी खांद्यावर उचलून धरलेली कोलंबसाची शवपेटी. क्यूबा स्पेनच्या हातून गेल्यावर हे अवशेष हवानाहून इथे आणले गेले. आत बाकेही पुष्कळ आहेत. बाकावर बसून, मान मागे टाकून छताकडे पाहावे. मात्र मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी एकदम नव्हे.

चौकातील आणि रस्त्यांवरील नारिंगांविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. सेव्हिलच्या रस्त्यांवर अशी चाळीस हजारांहून अधिक झाडे आहेत. अरबांनी हे झाड येथे आणले. स्पॅनिश ‘नारांखा’ हा शब्द अरबी ‘नारंज’वरून, तो फारसीवरून आणि फारसी शब्द आपल्या संस्कृत ‘नारंग’वरून आला. म्हणजे मराठी नारिंग आणि सेव्हिलचे नारांखा ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये ही झाडे पांढऱ्या फुलांनी बहरतात आणि संध्याकाळी गल्ल्यांतून त्यांचा सुगंध दरवळतो. दमा असलेल्यांनी मात्र हेही लक्षात ठेवावे की, याच काळाच्या थोडे पुढे, एप्रिल ते जूनमध्ये, आसपासच्या जैतुनाच्या बागांचे परागकण हवेत फार वाढतात. श्वासातून घ्यायचे औषध हॉटेलवर न ठेवता खिशात असावे.

हिवाळ्यात झाडे फळांनी लगडतात. रस्त्यावर पडलेले केशरी फळ उचलून खाण्याचा मोह कुणालाही होईल, पण ते अत्यंत कडू असते. इंग्रज लोक त्याचा मुरंबा करतात, तोच प्रसिद्ध मार्मलेड. येथे एक वैद्यकीय मुद्दा आहे, जो पर्यटनाच्या पुस्तकांत सापडत नाही. काही औषधांच्या वेष्टनावर ‘ग्रेपफ्रूट खाऊ नये’ अशी सूचना असते, कारण त्या फळातील द्रव्ये आतड्यातील एका विकराला निष्क्रिय करतात आणि औषधाचे रक्तातील प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढते. सेव्हिलच्या कडू नारिंगातही त्याच जातीची द्रव्ये आहेत. फेलोडिपिनसारखी रक्तदाबाची औषधे किंवा सिम्व्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची औषधे घेणाऱ्यांनी या फळाचा रस अथवा मुरंबा चाखण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. न्याहारीला मिळतो तो गोड संत्र्याचा रस वेगळा. त्यात ही अडचण नाही, फक्त मधुमेहींनी पेल्याचा आकार पाहावा.

महामंदिरासमोरच अल्काझार हा राजवाडा. चौदाव्या शतकात ख्रिस्ती राजा पहिला पेद्रो याने मुस्लिम कारागिरांच्या शैलीत त्याचा मुख्य भाग बांधवला. भिंतीवर अरबी अक्षरांत त्या ख्रिस्ती राजाचे गुणगान कोरलेले आहे. स्पेनचे राजघराणे आजही सेव्हिलला आले की याच्या वरच्या मजल्यावर उतरते. दासींचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकातील खोलगट बाग कित्येक शतके संगमरवरी फरशीखाली गाडलेली होती. या शतकाच्या आरंभी उत्खनन करून ती पुन्हा मोकळी करण्यात आली. राजवाड्याहून मला त्याची बाग अधिक आवडली. पाण्याचे पाट, फरशांची बाके, खजुराची व नारिंगाची झाडे, आणि मोर. येथे वेळ ठरवलेले तिकीट आधी इंटरनेटवरून काढावे आणि सकाळची पहिली वेळ घ्यावी, म्हणजे रांगेत ऊन लागत नाही.

महामंदिर, अल्काझार आणि दोहोंच्या मधली इंडीजच्या दप्तरखान्याची इमारत या तिन्ही वास्तूंना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दप्तरखान्यात स्पेनच्या अमेरिकेतील साम्राज्याची कागदपत्रे ठेवली आहेत. प्रवेश विनामूल्य, दालने शांत व थंड. दुपारी ऊन टाळण्यासाठी याहून चांगली जागा नाही, असे म्हटले तर इतिहासकार रागावतील. तरी म्हणतो त्यात खोटे नाही.

अल्काझारच्या भिंतीला लागून सांताक्रूझ नावाची गल्ल्यांची वस्ती आहे. मध्ययुगात येथे यहुदी राहत. गल्ल्या मुद्दाम अरुंद, सावली खाली पडावी म्हणून. तळाला गोटे बसवलेले. रबरी तळव्याचे, टाच पकडून ठेवणारे बूट येथे हवेतच. या वस्तीत एक वास्तू आहे, जिच्याकडे गर्दी फारशी वळत नाही, आणि वृद्धांनी व त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी जिथे अवश्य जावे. तिचे नाव ‘ओस्पिताल दे लोस वेनेराब्लेस’, म्हणजे आदरणीयांचे रुग्णालय. हुस्तिनो दे नेवे या धर्माधिकाऱ्याने १६७५ मध्ये ती स्थापन केली, ती वृद्ध, निवृत्त आणि निर्धन झालेल्या धर्मगुरूंसाठी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मृत्युशय्येपाशी बसलेल्या या माणसांना स्वतःच्या म्हातारपणी बसायला जागा नव्हती. कारण त्यांना मुलेबाळे नव्हती. आज येथे चित्रसंग्रहालय आहे. वेलाझ्केझ या सेव्हिलच्याच थोर चित्रकाराचे एक चित्रही आहे. चौकातील कारंजे जमिनीच्या पातळीखाली आहे आणि त्याकडे गोलाकार पायऱ्या उतरत जातात. त्या उतरण्याची गरज नाही. वरच्या कमानींखालील सावलीतून पाण्याचा आवाज ऐकू येतो. म्हाताऱ्या धर्मगुरूंनी तेच केले असणार.

दुसरे असेच स्थळ नदीच्या दिशेला, दहा मिनिटांच्या चालीवर आहे: ‘ओस्पिताल दे ला कारिदाद’, दयेचे रुग्णालय. १६४९ च्या प्लेगने सेव्हिलची जवळजवळ निम्मी लोकसंख्या नेली. त्यानंतरच्या उद्ध्वस्त शहरात मिगेल मान्यारा नावाचा एक श्रीमंत गृहस्थ होता. १६६१ मध्ये त्याची पत्नी वारली. तो अशा एका बंधुमंडळात सामील झाला, जे फाशी गेलेल्या आणि नदीत बुडालेल्या बेवारस माणसांचे दफन करीत असे. तो मंडळाचा प्रमुख झाला आणि त्याच्या आग्रहावरून दफनाबरोबर निराधार आजाऱ्यांची शुश्रूषाही सुरू झाली. मार्गदर्शक हमखास सांगतात की, कथानाट्यांतला विलासी दोन हुआन म्हणजे हाच मान्यारा. हे संभवत नाही; ते नाटक छापले गेले १६३० मध्ये, तेव्हा मान्यारा तीन वर्षांचा होता. स्वतःला चर्चच्या उंबरठ्याशी पुरावे, म्हणजे येणारे-जाणारे पाय देऊन जातील, अशी त्याची इच्छा होती. साडेतीनशे वर्षे उलटली तरी ही संस्था निराधार वृद्धांना आश्रय देते. दर्शनी चौकातून जाताना आवाज हळू ठेवावा. ही वास्तू आजही कुणाचे तरी घर आहे.

चर्चमध्ये शिरताच वाल्देस लेआल या चित्रकाराची दोन चित्रे समोर येतात. एकात हाडांचा सापळा मेणबत्ती विझवतो आहे, दुसऱ्यात उघड्या शवपेट्यांतून धर्माधिकारी आणि सरदार सडत पडले आहेत. अस्वस्थ मनाच्या किंवा नुकताच वियोग सोसलेल्या ज्येष्ठांना याची आधी कल्पना द्यावी, किंवा सरळ पुढे न्यावे. पुढे मुरिल्योची चित्रे आहेत. ख्रिस्ती धर्मातील दयेच्या सात कृत्यांपैकी सहांवर मुरिल्योने चित्रे काढली: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, वाटसरूला निवारा, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची सुटका. सातवे कृत्य, मृताला मूठमाती, मुख्य वेदीवर रोल्दानच्या शिल्पात आहे. नेपोलियनचा सेनापती सूल्त याने यांतील चार चित्रे पळवली. ती आज लंडन, वॉशिंग्टन, ओटावा आणि सेंट पीटर्सबर्ग येथे आहेत. येथे त्यांच्या नकला लावल्या आहेत.

परंतु ज्यासाठी येथे यावे ती दोन चित्रे मूळचीच आहेत. एकात हंगेरीची राजकन्या संत एलिझाबेथ भांड्यावर वाकून एका मुलाचे खवडे झालेले डोके धूत आहे. राजकन्येच्या चेहऱ्यावर किळस नाही, पण आनंदाचा आवही नाही. समोरचे काम नीट करणाऱ्याचा जो चेहरा असतो, तसा तो आहे. जखमांचे मलमपट्टे, अंथरुणातली स्वच्छता ज्यांनी केली आहे, त्यांना हा चेहरा ओळखीचा वाटेल. दुसरे चित्र संत हुआन दे दिओस यांचे. सोळाव्या शतकात ग्रानादा येथे त्यांनी आजाऱ्यांसाठी रुग्णालय चालवले. रात्रीचा गडद अंधार; हुआन एका आजारी माणसाला पाठीवर घेऊन निघाले आहेत आणि भाराने त्यांचा तोल जातो आहे. नेमक्या त्या क्षणी मागून देवदूत हात देतो आणि हुआन चकित होऊन वळून पाहतात.

आई त्या चित्रापुढच्या बाकावर बराच वेळ बसली. मग म्हणाली, “हा रोज येत असेल का गं?” मला वाटले, ती देवदूताविषयी विचारते आहे. तिचा रोख माझ्यावर होता. गेली चार वर्षे तिची औषधे, तपासण्या, रात्रीचे उठणे माझ्याकडे आहे. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी ठरवले की, पुढच्या प्रत्येक दिवशी दुपारचे तीन तास तिने हॉटेलवर झोपायचे आणि मी एकटीने बाहेर पडायचे. पहिल्या दिवशी मला अपराधी वाटले, दुसऱ्या दिवशी कमी. काळजीवाहकाचा प्रवास हा बहुधा घरातल्याच कामाचा परदेशातला प्रयोग असतो: औषधांचे डबे तेच, फक्त न्हाणीघर अनोळखी. म्हणून बेत आखतानाच काळजीवाहकाचा रिकामा वेळ कागदावर लिहून ठेवावा आणि तो ज्येष्ठांनीच मागावा, हे उत्तम. घरातील दोन माणसे सोबत असतील तर आळीपाळीने. माझ्या त्या तीन तासांपैकी एक दुपार मी ललित कला संग्रहालयात घालवली. जुन्या मठातील हे संग्रहालय स्पेनमधील उत्कृष्ट संग्रहालयांपैकी आहे आणि दुपारी जवळजवळ रिकामे असते.

मोकळ्या हवेत बसायचे असेल तर प्लाझा दे एस्पान्या. १९२९ च्या स्पेन-अमेरिका प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्झालेस या स्थापत्यकाराने बांधलेली ही अर्धवर्तुळाकार वास्तू विटा आणि रंगीत फरशांनी नटलेली आहे. समोर कालवा, त्यावर चार पूल, आणि वास्तूच्या पायथ्याशी स्पेनच्या प्रांतांची वर्णानुक्रमे ४८ दालने. प्रत्येक दालनात बसायला फरशीची बाके. बसण्याची इतकी सोय असलेले दुसरे प्रेक्षणीय स्थळ मी पाहिलेले नाही. मध्ये सावली नाही, म्हणून सकाळी दहाच्या आत किंवा उतरत्या उन्हात जावे. शेजारच्या मारिया लुईसा उद्यानात घनदाट सावली आहे. ही जमीन राजकन्या मारिया लुईसा हिने १८९३ मध्ये शहराला दान केली. उद्यानात बेकेर या अल्पायुषी कवीचे स्मारक एका जुन्या, विशाल वृक्षाभोवती उभारलेले आहे. तिथे जाणारी वाट सपाट आहे.

खाण्याच्या वेळांबद्दल मधुमेहींनी सावध असावे. सेव्हिलमध्ये दुपारचे जेवण दोनच्या आसपास आणि रात्रीचे नऊनंतर. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आपल्या घरच्या घड्याळाप्रमाणे घेतली आणि स्वयंपाकघर अजून उघडलेलेच नसेल, तर साखर एकदम खाली येते. जेवण समोर येईल तेव्हाच औषध, की वेळेवर औषध आणि सोबत खाकरा-शेंगदाणे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. शिवाय भारत व स्पेन यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. पश्चिमेकडे जाताना प्रवासाचा दिवस तेवढा लांबतो. त्या दिवसाच्या मात्रेचे गणितही विचारून घ्यावे. शाकाहारींना येथे एक सुखद धक्का मिळतो: पालक आणि काबुली हरभऱ्याची, जिरे-लसूण घातलेली भाजी. ती सेव्हिलची खासियत आहे. थंड टोमॅटो सूप, गास्पाचो, उन्हात फार बरे वाटते. मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना मीठ व पोटॅशियमवर मर्यादा आहे त्यांनी मात्र बेताने प्यावे. सालमोरेखो हे त्याचेच दाट रूप. त्यावर मांसाचे तुकडे व अंडे घालतात, म्हणून आधी विचारावे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.

स्वच्छतागृहांची अडचण कुणी बोलत नाही, पण प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आणि लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा सारा दिवस तीवर अवलंबून असतो. रस्त्यावर सार्वजनिक स्वच्छतागृहे थोडी. प्रेक्षणीय वास्तूंमध्ये आणि उपाहारगृहांत ती असतात. म्हणून दर वास्तूतून बाहेर पडण्यापूर्वी जाऊन यावे आणि कॉफीचे पैसे हे बसण्याचेही मोल समजावे. त्यासाठी पाणी कमी पिणे हा उपाय नव्हे.

औषधे मूळ वेष्टनात, मूळ औषधी नावांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असावीत. इन्शुलिन सामानाच्या कप्प्यात टाकू नये, तिथे ते गोठू शकते. हिरव्या क्रॉसचे चिन्ह म्हणजे औषधांचे दुकान, आणि रात्रपाळीचे दुकान कोणते हे बंद दुकानाच्या दारावर लिहिलेले असते. आपत्कालीन क्रमांक ११२. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. पण आधीपासूनचे आजार त्यात समाविष्ट आहेत का, हे वाचूनच सही करावी, आणि रक्तदाब-मधुमेह लपवू नये. माद्रिदहून वेगवान रेल्वेने सेव्हिल सुमारे अडीच तासांवर आहे. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच दुसरे विमान पकडण्यापेक्षा ही गाडी बरी. मात्र विमानात दर तासाला घोटे फिरवावेत आणि जमेल तेव्हा उठून चालावे, पोटऱ्यांत गुठळी होऊ नये म्हणून.

काय सोडावे, तेही सांगते. रात्री उशिराचे फ्लामेंको सोडावे. संध्याकाळी सातच्या सुमाराचे छोटे प्रयोग तितकेच दमदार असतात. बैलझुंजीचे मैदान मला तरी पाहवले नाही. उलट, ‘लास सेतास’ म्हणजे अळिंब या नावाने ओळखले जाणारे, २०११ मध्ये पूर्ण झालेले लाकडी छत्र्यांचे प्रचंड बांधकाम पाहावे. हिराल्दाची उंची ज्यांना चढवली नाही त्यांना येथे लिफ्टने वर जाऊन सूर्यास्ताच्या वेळी सारे शहर पाहता येते, खाली रोमन काळातील अवशेषही आहेत.

नदीपलीकडची त्रियाना ही वस्ती शेवटच्या दिवसासाठी ठेवावी. १८५२ मध्ये बांधलेल्या लोखंडी पुलावरून सावकाश चालत जावे. पूर्वी हा कुंभारांचा आणि खलाशांचा भाग; रंगीत फरशांची दुकाने अजून आहेत. बाजाराशेजारच्या एका दुकानात आईने घराच्या क्रमांकाची फरशी निवडली, निळ्या काठाची. जड होती. मी ती तिच्या शालीत गुंडाळली आणि औषधांच्या डब्याशेजारी, हातातल्या पिशवीतच ठेवली.